बाळारामभाऊंच्या ओटीवरचा झोपाळा

बाळारामभाऊंना कोणी चहा दिला, की कप खाली ठेवायच्या आधी त्यांचा हात पिशवीत जात असे. पिशवीतून ऋतूप्रमाणे काहीतरी निघे. पावसाळ्यात काकडी, थंडीत वालाच्या शेंगा, उन्हाळ्यात पळसाच्या पानात बांधलेली करवंदं. ते चहा देणाऱ्याच्या पुढ्यात ठेवून भाऊ म्हणत, "आता हात मोकला झाला," आणि मगच उठत.

बदलापूरजवळच्या सोनिवलीचे हे शेतकरी. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी, खांद्याला ती पिशवी. अक्षरावर बोट ठेवून वाचता येण्याइतकं शिक्षण झालेलं. गावकऱ्यांनी त्यांना जिल्हा लोकल बोर्डावर निवडून पाठवलं, तेव्हा पिशवीही बोर्डात गेली. ठाण्याच्या कचेरीत एका साहेबांनी त्यांना चहा दिला, तर भाऊंनी त्यांच्या फायलीवर दोन वांगी ठेवली. साहेबांनी ती शिपायाला दिली. पुढच्या खेपेला भाऊंना हे कळलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे सायबाच्या चहाचा देना ऱ्हायलाच की," आणि आणखी दोन वांगी ठेवली. साहेबांनी त्यानंतर त्यांना चहा विचारला नाही.

अशा माणसाने एका व्यापाऱ्याकडून भेट उकळली, ही बातमी पहिल्यांदा मी छापली. हे सांगायला मला वीस वर्षं लागली आहेत.

मी तेव्हा अंबरनाथच्या एका साप्ताहिकात वार्ताहर होतो. संपादक अप्पा, मी आणि खिळे जुळवणारा एक कंपोझिटर, एवढाच आमचा संसार. आमच्या छापखान्यात 'असे समजते' ही अक्षरं जुळवून, सुतळीने बांधून कायमची तयार ठेवलेली असत. प्रत्येक अंकात ती इतक्या वेळा लागत, की दर वेळी सोडून पुन्हा जुळवणं कंपोझिटरला परवडत नसे. कोणाकडून समजते, हे कधी जुळवावं लागलं नाही.

त्या सुमारास बोर्डाने उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर खडी टाकायला मंजुरी दिली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिथल्या लष्करी बराकींत गोणपाटांचे आडोसे करून राहत होती आणि त्यांनी चिखलातच दुकानं थाटली होती. भाऊ तिथे भाजी विकायला जात. त्या चिखलात त्यांच्या गाडीचा बैल पाय मुरगळून बसला, तेव्हापासून त्यांनी बोर्डात त्या रस्त्याचं टुमणं लावलं होतं.

मंजुरीची बातमी घ्यायला मी सोनिवलीला गेलो. दुपारची वेळ, ऊन, मी चालून दमलेलो. भाऊंच्या शेणाने सारवलेल्या ओटीवर, पेरणीची पाभर आणि भाताच्या कणग्यांच्या मधे, एक झोपाळा उभा होता. लाखेच्या लाल-पिवळ्या रंगाचे खांब, पितळी कड्या, कोरीव पाठ. मी त्यावर बसायला गेलो, तर भाऊंनी मला दंडाला धरून अडवलं.

"त्यावर नको. खाली बस."

खाली घोंगडी होती. मी बसलो, पण मला ते लागलं. मी पदवीधर होतो. भाऊंनी मग माझ्यादेखत झोपाळ्याच्या दोन खांबांना आडवी बांधलेली काथ्याची दोरी ओढून पाहिली आणि सैल झालेली गाठ आवळली. मी विचारलं, झोपाळा कुठला? ते म्हणाले, "कॅम्पातल्या हासोमलचा." एवढ्यात शेतावरून कोणीतरी हाक मारत आलं, म्हैस भातात शिरली होती. भाऊ धावले. मी थांबलो असतो तर त्यांचं उरलेलं वाक्यही ऐकायला मिळालं असतं. मी पाणी प्यायलो आणि निघालो. बांधापर्यंत पोचलो, तर मागून भाऊंची सून आली आणि माझ्या हातात काकडी ठेवून गेली. मी पाणी प्यायलो होतो, त्यांनी काही घेतलं नव्हतं. तरी काकडी मलाच. मला झोपाळ्यावर बसू दिलं नव्हतं, त्याची ती फेड होती, हा हिशेब मला तेव्हा कळला नाही.

हासोमलचं कापडाचं दुकान त्याच रस्त्यावर होतं. कॅम्पातली बाकीची दुकानंही त्याच रस्त्यावर होती, हे मी लिहिलं नाही. मी लिहिलं, की बोर्डाच्या एका सभासदाच्या सोनिवलीच्या घरी कॅम्पातल्या व्यापाऱ्याकडून आलेला उंची झोपाळा शोभत असून, रस्त्याच्या मंजुरीशी त्याचा संबंध असावा, असे समजते. अप्पांनी वाचलं आणि विचारलं, "डोळ्यांनी पाहिलास?" मी म्हणालो, पाहिला. त्यांनी 'बोर्डाच्या एका सभासदाच्या' काढून तिथे भाऊंचं नाव घातलं.

पुढच्या आठवड्यात कल्याणच्या एका पत्राने बातमी उचलली आणि झोपाळा शिसवी केला. ठाण्याच्या पत्रात त्याला चांदीच्या कड्या लागल्या. मुंबईच्या एका दैनिकाने चार ओळी दिल्या, त्यात तो चांदीचा झोपाळा झाला. ते दैनिक अप्पांनी टेबलावर पसरलं आणि आम्ही ठळक मथळ्याने छापलं, की आमच्या वृत्ताला मुंबईच्या प्रतिष्ठित दैनिकाने दुजोरा दिला आहे. मी तो झोपाळा पाहिलेला एकमेव वार्ताहर होतो. तरी महिन्याभराने मला स्वतःला आठवू लागलं, की कड्या जरा चकाकत होत्या खऱ्या.

मग एक दिवस भाऊ छापखान्यात आले. सोबत हासोमल होता. अप्पांनी चहा मागवला.

भाऊ शांतपणे म्हणाले, "तो झोपाला माझा नाय. ठेवलेला हाय."

बाकीचं हासोमलने सांगितलं. सिंधमधून निघताना घर, दुकान, भांडी सगळं सोडलं, पण त्याची आई झोपाळ्याशिवाय बोटीवर पाय ठेवेना. म्हणून तो सुटा करून आणला. बराकीत माणसांनाच आडवं व्हायला जागा नव्हती, तिथे हा कुठे ठेवणार? भाऊ भाजी घेऊन यायचे, त्यांनी गाडीत घालून नेला. महिन्यातून एकदा म्हातारी सोनिवलीला जाई. भाऊ दोरी सोडून देत, ती तासभर झोके घेई, मग भाऊ पुन्हा दोरी बांधत. एरवी त्या झोपाळ्यावर भाऊंच्या घरातलं मूलसुद्धा बसलेलं नव्हतं.

अप्पांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ठेव म्हणून दिल्याची पावती आहे का?"

हासोमल म्हणाला, "साईं, पावती कशाला? भाऊ आहे ना."

अप्पा म्हणाले, मग अवघड आहे. तेव्हा भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे दोरीचं बोलणार. माझ्यासमोर गाठ आवळली, या पोराने डोळ्यांनी पाहिलं, असं सांगणार. अप्पा खोट्यापेक्षा फजितीला जास्त भीत. वार्ताहराने पाहूनही लपवलं असं निघालं असतं, तर त्यांनी मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. माझं लग्न ठरलं होतं. मी टेबलावरच्या अंकाची घडी करू लागलो.

भाऊ एवढंच म्हणाले, "इचारला असता, त सांगितला असता." मग त्यांनी चहाच्या दोन कपांच्या बदल्यात दोन काकड्या टेबलावर ठेवल्या. हासोमलच्या कपाचीसुद्धा त्यांनीच ठेवली.

आम्ही खुलासा छापला. शेवटच्या पानावर, ढेकणांच्या औषधाच्या जाहिरातीखाली. तोही मीच लिहिला: सदर झोपाळा भेट नसल्याचे समजते. बांधलेली अक्षरं तिथे बसली नाहीत, कंपोझिटरला नवी जुळवावी लागली आणि तो कुरकुरला. कल्याण, ठाणे किंवा मुंबईच्या कोणत्याही पत्राने तो खुलासा उचलला नाही.

भाऊंना वाटलं, लोकांना दाखवलं की झालं. त्यांनी झोपाळा बैलगाडीत घातला आणि भर दिवसा, बदलापूरच्या बाजारातून, अंबरनाथवरून, कॅम्पापर्यंत नेला. लोक दुकानाबाहेर येऊन बघत होते. अंबरनाथच्या नाक्यावर एकाने विचारलं, "काय भाऊ, पचला नाय वाटतं?" भाऊंनी बैल हाकले. आमच्या पुढच्या अंकाचा मथळा होता, 'अखेर झोपाळा परत'. तो मी लिहिला नव्हता. पण कच्चा छाप तपासायला माझ्याकडे आला होता आणि त्यात मी एक वेलांटी दुरुस्त केली होती.

पुढच्या निवडणुकीत भाऊ पडले. ज्यांच्यासाठी ते बोर्डात भांडले, त्यांच्यातलेही काही समोर हात झुलवून दाखवत. भाजी विकायला त्यांनी मुलाला पाठवायला सुरुवात केली. कॅम्पात झोपाळा बराकीबाहेर उघड्यावर राहिला. दोन पावसाळ्यांत लाख उडाली आणि पाठ चिरली. रस्त्यावर मात्र खडी पडली.

मी साप्ताहिक सोडून अंबरनाथच्या एका कारखान्यात कारकून झालो. सोनिवलीला जायचं ठरवून मी कित्येकदा कपडे केले आणि काढून ठेवले. शेवटी भाऊ अंथरुणाला खिळल्याचं ऐकलं, तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन गेलो. ते ओटीवर निजले होते, झोपाळा होता त्याच जागी. त्यांनी मला लगेच ओळखलं. मी पुडा ठेवला आणि वाटेत घोकलेलं बोलून टाकलं. दोरी मी पाहिली होती, भाऊ. तुम्ही गाठ आवळलीत तेव्हा मी समोर होतो.

"मना म्हायत हाय," ते म्हणाले. "तुझ्यासमोरच त आवलली."

"मग छापखान्यात बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, त तुझी नोकरी गेली असती. माझा काय, मना शेत हाय."

मग त्यांनी सुनेला हाक मारली आणि माझ्या पिशवीत वालाच्या शेंगा घालायला सांगितलं. पेढे घेतले होते ना. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "घे रं. माझा हात मोकला होऊ दे."

त्याच महिन्यात ते गेले. कोणत्याही पत्रात दोन ओळी आल्या नाहीत. माझा हात त्या दिवसापासून मोकळा झालेला नाही. त्या ओटीवरून मी जे घेऊन आलो, त्याच्या बदल्यात पिशवीतून काढून द्यावं असं माझ्याकडे काही नाही. एक बातमी आहे, ती उशिरा देतो. सोनिवलीच्या झोपाळ्याला दोरी होती. काथ्याची होती, डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत, दोन गाठींची. असे समजते, असं नव्हे. मी पाहिली होती.