धाकटीच्या प्रार्थनेची वेळ

थोरलीच्या डोळ्यांत धाकटी जाऊ खुपायची, आणि त्याला कारणही होतं. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, ट्रकच्या एकाच अपघातात गेले. दुःख दोघींना सारखं वाटून आलं, पण कौतुक मात्र सगळं धाकटीच्या पदरात पडलं. पोरगी बघा कशी सावरली, देवावर भरवसा ठेवून कशी उभी राहिली, असं शेजारीपाजारी म्हणायचे. मग थोरली काय आडवी पडली होती? दवाखान्याच्या उशांचे अभ्रे दोघी शिवायच्या, त्यातले निम्म्याहून जास्त तिच्याच हातचे असायचे. पण तिच्या उभं राहण्यात देव नव्हता, म्हणून ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

सकाळी धाकटी आतल्या खोलीत डोळे मिटून बसायची आणि उठायची ती चेहरा निवळूनच. तो चेहरा पाहिला की थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिनंही एकदा बसून पाहिलं. डोळ्यांपुढे नवराच आला, आणि ती देवाशी भांडूनच उठली. मग तिनं दुसरा उपाय काढला. धाकटी बसली रे बसली की ही मशीनवर जाडंभरडं कापड घ्यायची आणि असं पायडल मारायची की फळीवरची भांडी थरथरावीत. बघू या म्हणे, किती लागते समाधी.

धाकटी हूं की चूं करायची नाही. त्यानं थोरली आणखीच पेटायची.

एके सकाळी मशीनचा पट्टा तुटला. तो सांधताना थोरली मनात चरफडत होती, की आज बाईसाहेबांना अगदी निवांत देव भेटणार. एवढ्यात धाकटीच दारात आली, पांढऱ्याफटक चेहऱ्यानं.

"ताई, मशीन का थांबलं?"

"पट्टा तुटला. जा, बस शांतपणे. आज त्रास द्यायला कुणी नाही." थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही मुद्दाम करता ते मला पहिल्यापासून माहीत आहे," धाकटी तिच्याजवळ खाली बसली. "पण डोळे मिटले की मला देव दिसत नाही, तो ट्रकच दिसतो. मग तुमचं मशीन ऐकू येतं. मी देवाला एवढंच म्हणते, हिला दिलंस तेवढं बळ मला दे. फार हेवा वाटतो मला तुमचा."

थोरलीच्या हातातला पट्टा हातातच राहिला. इतक्या दिवसांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हणणारी निघाली ती हीच. आता हिच्यावर रागवायलाही जागा उरली नाही, याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच ती हमसून हमसून रडली.