रिकाम्या हाताचं फिरणं

साखर वाढली म्हणून डॉक्टरनं रोज पायी फिरायला सांगितलं, आणि शहापूरच्या निर्मलाबाईंच्या डोक्याला ताप झाला. चालायचं काहीच वाटत नव्हतं; जन्मभर त्या धानाच्या बांध्यांतूनच चालल्या होत्या. ताप होता तो लोकांचा. वस्तीमागं नाल्याकाठी फागुनाचा पळस नुसता पेटला होता, पण त्या कच्च्या वाटेवर त्यांना कोणी धड चालू देईल तर शपथ!

"कुठं जाऊन राहिल्या, काकू?"

"फिराले."

"कोणाकडं?"

"कोणाकडंच नाही रे बाबा!"

यावर विचारणारा हमखास गाडी थांबवायचा. "बसा, सोडून देतो." काल शेजारच्या कैलाशनं तर हाताला धरून बसवलंच, आणि घरी आणून सुनेला हळूच विचारलं, "भांडण झालं का वो, वहिनी?"

बिनकामाचं कोणी चालतं, हे गावाला पटतच नव्हतं. म्हणून आज निर्मलाबाईंनी चिडून रिकामी टोपली काखोटीला मारली. अन् काय सांगावं, एकानंही हटकलं नाही! पुलापर्यंत जाऊन त्या ऐटीत परत फिरल्या.

वाटेत मोहाच्या झाडाखाली ताराबाई फुलं वेचत होत्या. रिकामी टोपली पाहून त्यांचा जीव कळवळला. "एवढ्या लांब गेल्या, बाई, अन् काहीच नाही भेटलं?" निर्मलाबाई नको नको म्हणेस्तोवर त्यांनी टोपली मोहफुलांनी शिगोशीग भरली, आणि समोरून येणाऱ्या गाडीला हात दाखवला.

"अरे कैलाश, थांब! तुह्या काकूले ओझं झालं."