हमिंगबर्डला गूळपाणी

आमचे हे, चंद्रशेखर, अमेरिकेत चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. घरातलं मीठ संपलंय हे ह्यांना कधी कळत नाही, पण इक्वेडोरच्या डोंगरांत हमिंगबर्डच्या जाती किती ते विचारा. सव्वाशेच्या वर! त्यातल्या एकाची चोच म्हणे अंगापेक्षा लांब. तो एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढंच ह्यांचं मागणं. लायब्ररीच्या सेलमध्ये मिळालेलं इक्वेडोरच्या पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक चार वर्षं उशाशी असायचं. मी आपली दुसऱ्या कुशीला वळायचे.

२००६ साली शेवटी तिकीट काढलं. एकट्याचंच. मी म्हटलं, मला तो चिखल नको, तुम्ही जा. इक्वेडोरचा व्हिसा झाला, गमबूट आले, मी चिवडासुद्धा केला. आणि निघायच्या आदल्या आठवड्यात ऑफिसातल्या कुणीतरी सहज विचारलं, "अमेरिकेत परत यायचा स्टॅम्प आहे ना?"

नव्हता. कामाचा व्हिसा, तो एच-वन, इथेच बसून कागदावर वाढवलेला, पासपोर्टवरचा स्टॅम्प कधीचाच संपलेला. जायची सगळी तयारी केली आणि हे परत यायचं विसरले! कंपनीच्या वकीलबाई म्हणाल्या, तिकडच्या अमेरिकन वकिलातीने नवा स्टॅम्प दिला नाही, तर नोकरी, घर, सगळं इकडे आणि तुम्ही तिकडे. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, "कॅन्सल करा."

एक शब्द न बोलता केलं. पुस्तक कपाटावर टाकलं, आणि दोन महिने त्याला हात म्हणून लावला नाही. हे भांडले असते तर बरं झालं असतं हो. गप्प बसलेला नवरा मला बघवत नाही.

मग मीच हमिंगबर्डसाठीची लाल बाटली आणली आणि मागच्या लिंबाला टांगली. उन्हातून आलेल्या पाहुण्याला आपण गूळपाणी देतो, तेच तिच्यात भरलं. इंडियन स्टोअरमधला कोल्हापुरी गूळ, वर चिमूटभर वेलची!

शनिवारी हे चहा घेऊन मागे आले, बाटलीचा वास घेतला आणि केवढ्यांदा ओरडले, "अगं शोभना, गूळ? मरतील गं ते!" चहा तिथेच ठेवून बाटली तीनदा उकळत्या पाण्याने धुतली. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, तेही डोळ्यांसमोर धरून मोजून. मी तोंड पाडून उभी. पण दोन महिन्यांनी हे ओरडले, म्हणून आतून बरंच वाटत होतं.

दुपारी एक आला. अंगठ्याएवढा, गुलाबी गळ्याचा. हवेत नुसता उभा राहिला.

मी कुजबुजले, "इक्वेडोरचा?"

"छे गं. हा इथलाच. बारा महिने इथेच असतो, कुठे जात नाही बिचारा."

"का? ह्याचाही स्टॅम्प संपलाय?"

हे माझ्याकडे बघत राहिले, आणि मग असे हसले की पाखरू भुर्रकन उडून गेलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यातलं शेवटचं पाणी काही हसण्याचं नव्हतं. मी हात धरला.

जरा वेळाने स्टुलावर चढून ह्यांनी पुस्तक काढलं, धूळ शर्टाला पुसली. "बस इथे. त्याचे तिकडचे भाऊबंद दाखवतो."

मी गॅस बंद करून आले. म्हटलं, "त्या लांब चोचवाल्यापासून सुरू करा. आणि ग्रीन कार्ड आलं, स्टॅम्पची कटकट संपली, की तिकिटं दोन काढा. चिखलाचं बघून घेईन मी."