कुंदाने पुसलेला पियानो

कुंदा रणपिसे सॅक्सोफोन शिकली ती बापाच्या बँडमध्ये. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत तिच्या बापाचा, राजारामचा, बँड नावाजलेला. भीमजयंतीच्या मिरवणुकीत तो क्लॅरिनेट वाजवत पुढे, आणि बाजूला फ्रॉकमधली कुंदा, गळ्यात जवळपास तिच्याएवढाच सॅक्सोफोन अडकवून.

मोठेपणी तिला जॅझचा नाद लागला. मुलुंडचा नितेश सामंत पियानो वाजवायचा; दोघांचं जमलं, चौघांचा गट झाला, अल्बम रेकॉर्ड झाला. प्रकाशनाला राजाराम इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला. स्पीकरवर अल्बममधलं पहिलं गाणं सुरू झालं तशी त्याने मान फिरवली.

"कुंदे, ही फुंक तुझी नाही."

नव्हतीच. नितेशने रेकॉर्डिंगमधून तिचा सॅक्सोफोन पुसून टाकला होता आणि तिनेच बांधलेले सूर दुसऱ्याकडून वाजवून घेतले होते. तिने जाब विचारला तर बापासमोरच म्हणाला, "तुझ्या वाजवण्याला वरातीचा वास येतो गं. मनाला लावून घेऊ नकोस यार."

लावून घेतलं ते राजारामने. घरी येऊन त्याने क्लॅरिनेट पेटीत ठेवला तो मरेपर्यंत बाहेर काढला नाही. कुंदा रडली नाही. पण बापाच्या मातीला नितेश आला, खांद्यावर हात ठेवून गेला, तेव्हा तो हात तिला निखाऱ्यासारखा लागला. याला सोडायचं नाही, एवढं तिने मनाशी पक्कं केलं.

कैक वर्षांनी अंधेरीच्या एका स्टुडिओत तिने स्वतःचा अल्बम करायला घेतला. एका गाण्यात फक्त ती आणि ड्रमवाला प्रितम, दुसऱ्यात बेस धरून तिघं. शेवटच्या गाण्यासाठी तिने नितेशला फोन केला.

"झालं गेलं सोडलंस ना?" त्याने विचारलं.

"ये तर खरा."

नितेश आला. पियानो काचेपलीकडच्या खोलीत होता, त्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड होत होता. आणि त्याने वाजवलं असं, की कुंदाचीही क्षणभर चलबिचल झाली. तिचा सूर जिथे सुटे तिथे तो अलगद झेलत होता. जाताना तिचे हात हातात घेऊन म्हणाला, "आमच्या नानांना घेऊन येतो प्रकाशनाला. म्हातारा खूश होईल."

तो गेल्यावर ती रेकॉर्डिंगवाल्या तेजलला म्हणाली, "पियानो काढ."

"सगळा? अगं, गाणं त्याच्यावरच तर उभंय!"

"काढ म्हटलं ना."

प्रकाशनाला नितेशचे वडील, नाना, आले, काठी टेकत. शेवटचं गाणं लागलं. सॅक्सोफोन वाजे, थांबे, पुन्हा वाजे. म्हाताऱ्याने दोनदा कानामागे हात धरला. "तुझा पियानो खंय रे, झिला?"

नितेशचा चेहरा पांढराफटक पडला. सगळे पांगल्यावर तो कुंदाजवळ आला. "मला शिव्या घालायच्या होत्यास. नानांसमोर कशाला?"

"माझा बाप कुठे बसला होता, आठवतं?"

तो नानांना धरून जिना उतरला. कुंदा वरून बघत राहिली. आपल्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. नाही वाटलं. उलट छातीतलं काहीतरी सैल झालं, आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली.

प्रितम मात्र दुसऱ्या दिवशी ड्रमच्या काठ्या न्यायला आला तो निरोप घ्यायलाच. "त्याने केलं ती हरामखोरीच. पण आता तुझ्याबरोबर वाजवताना मी आधी माझी जागा सांभाळत बसेन. जमणार नाही गं."

"जा मग," ती म्हणाली.

आता तिच्याबरोबर दुसरा ड्रमवाला आहे; हात बरा आहे, प्रितमची सर नाही. ऐकणारे त्या शेवटच्या गाण्यातल्या शांततेची वाखाणणी करतात. कुंदा खुलासा करत नाही.