क्वार्टरबॅक सार

धक्का बसण्याचं कंत्राट काढून ते सबंध जगात एकाच माणसाला द्यायचं ठरलं, तर इतरांनी उगीच गाडीभाडं खर्च करून मुलाखतीला येऊ नये. ते माझ्या मावशीच्या यजमानांनाच मिळणार. तुम्हाआम्हाला धक्का बसायला काहीतरी घडावं लागतं. काकांना घडण्याची गरजच नसे. सूर्य उगवला, दूध आलं, शेजाऱ्याने खिडकीला निळा रंग दिला, एवढं त्यांना पुरे. डोळे विस्फारायचे, उजवा तळहात छातीवर ठेवायचा आणि म्हणायचं, "मला शॉक बसलाय!" मावशी स्वयंपाकघरातूनच सांगायची, "तो बसलाय ना, मग आता तुम्हीही बसा." ते बसायचे, आणि खुर्ची करकरली म्हणून पुन्हा शॉक.

दोष सगळा त्यांच्या नोकरीचा. चेन्नईच्या पश्चिमेला आवडी नावाचं गाव आहे. गावाचं नाव आवडी असलं तरी तिथलं काही आवडलं असं काकांनी कबूल केल्याचं मला आठवत नाही. तिथल्या संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात ते भुसावळहून बदलून आले आणि तिथेच मुरले. त्यांचं पद होतं रेट फिक्सर. कुठल्या कामाला किती वेळ लागायला हवा, हे स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या डोक्यावर उभं राहून ठरवायचं. त्यावर त्या कामाचा दर ठरायचा, वेळ कमी धरला की दरही कमी, आणि दरावर कामगाराची कमाई. अशा माणसावर कामगार किती प्रेम करत असतील ते सांगायला नको. काका समोरून येताना दिसले की चांगला चालणारा माणूसही हळू चालायला लागे, न जाणो चालण्याचाही रेट लावतील! आणि ते लावायचेच. हॉटेलात कॉफी करणारा एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात हातभर उंचीवरून कॉफी ओततो, हे अख्खी चेन्नई कौतुकाने बघते. काकांच्या मते ती "अनावश्यक हालचाल" होती. त्यांनी एकदा कॉफीवाल्याला पेले जवळ धरून ओतायला लावलं, ती कॉफी प्यायले, तोंड वाकडं केलं आणि मला हळूच म्हणाले, "पाणचट लागते रे. शॉकच आहे." न्हाव्याच्या दुकानात कात्री केसाला लागण्याआधी हवेत किती वेळा वाजते हे ते मोजत आणि हवेतल्या कात्रीचे पैसे का द्यायचे असा मूलभूत प्रश्न विचारत. त्या न्हाव्याने त्यांच्या मानेवर पुढचे दोन महिने काय काय कोरलं, ते मावशीलाच माहीत.

मी तेव्हा सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नवाच चिकटलो होतो. राहायला तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये. मॅन्शन म्हणजे महाल नव्हे. एका खोलीत तीन अविवाहित, एक पंखा आणि तिघांचे मिळून दोन नळ. रविवारी मराठी जेवणाच्या आशेने मी आवडीला मावशीच्या क्वार्टरवर जाई आणि काकांचे आठवडाभराचे शॉक ऐकत वरणभात खाई. आमच्या टीमकडे अमेरिकेतल्या फुटबॉलवेड्यांसाठी एक वेबसाइट बनवायचं काम होतं. आपला फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून पळायचं आणि समोरच्याला आडवं करायचं, तो. त्यात चेंडू फेकणारा जो मुख्य खेळाडू, तो क्वार्टरबॅक. या क्वार्टरबॅकांना क्लब वेड्यासारखे पैसे देतात आणि ते त्यांना द्यावेत की नाही यावर तिथले लोक दिवसरात्र भांडतात. त्यांना भांडायला सोयीची जागा करून देणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. चेन्नईत सरकारी दुकानातल्या दारूच्या छोट्या बाटलीला क्वार्टर म्हणतात, त्यामुळे आमच्या मॅन्शनचा वॉचमन माझं फोनवरचं बोलणं ऐकून माझ्याकडे फार आदराने बघायचा.

काकांच्या रिटायरमेंटला तेव्हा काही महिने उरले होते. क्वार्टर रिकामं करण्याबद्दल ऑफिसची पत्रं यायला लागली होती. उशीर झाला तर दंडाचं भाडं. अशा एका रविवारी मी त्यांच्या व्हरांड्यात उभा राहून ऑफिसातल्या मित्राशी फोनवर तावातावाने बोलत होतो, "अरे, एका क्वार्टरबॅकला एवढे कोट्यवधी? काय सोनं लागलंय का त्याला?" फोन ठेवून वळतो तर काका मागे. तळहात छातीवर.

"कुणाला दिले?"

"तिकडे अमेरिकेत देतात, काका."

"क्वार्टर बॅक दिल्याबद्दल?"

मी जेवायला बसायच्या घाईत होतो. "हो, हो, क्वार्टरबॅकलाच," म्हणालो आणि पाटावर बसलो. त्या एका आळशी होकाराने केवढा अनर्थ केला! अमेरिकेत सरकारी क्वार्टर परत दिलं की माणसाला कोट्यवधी मिळतात आणि इथे उलट आपल्यालाच दंड लावतात, हा शॉक काका एकटे पचवू शकले नाहीत. त्यांनी तो आपल्या सेक्शनला दिला, सेक्शनने कँटीनला दिला आणि कँटीनमधून तो युनियनच्या बैठकीत पोचला. तिथे रिटायर होणारे आणखी चारदोन जण उसळून उभे राहिले. मागणीचा मसुदा तयार व्हायला लागला. तेवढ्यात युनियनच्या सेक्रेटरीने इंजिनिअरिंगला असलेल्या आपल्या मुलीला फोन लावला आणि मग सगळ्यांसमोर पोट धरून हसत सांगितलं, "सार, अदु वीडु इल्लै, विळैयाट्टु!" ते घर नाही हो साहेब, तो खेळ आहे! त्या दिवसापासून काकांचं नाव 'क्वार्टरबॅक सार' पडलं. मशीनमागून कुणीतरी हाक मारायचं आणि काका वळले की सगळे खाली मान घालून कामात.

मला हसू आवरत नव्हतं, पण मावशी हसली नाही. तिने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं आणि तेव्हा मला खरी गोष्ट कळली. त्या कारखान्यात पद्धत अशी की, शेवटच्या दिवशी माणसाला सोबत काम केलेले लोक हार घालून घरापर्यंत पोचवायला येतात. कुणासाठी नादस्वरम् आणि ढोल, कुणासाठी फटाके, निदान दहापाच माणसं तरी. दारात बायको ओवाळते, सगळ्यांना केसरी म्हणजे आपला शिरा आणि कॉफी मिळते. अख्खी कॉलनी दारात उभी राहून बघते, कुणाला किती माणसं आली. "पण रेट फिक्सरला पोचवायला कोणी येत नाही रे," मावशी म्हणाली. "यांच्या आधीचे स्कूटरवरून एकटेच आले. त्यांच्या बायकोने ताट तयार ठेवलं होतं, ते तिने मागच्या दाराने आत नेलं. हे तोंडाने म्हणतात की कशाला ती अनावश्यक हालचाल. पण परवा मला विचारत होते, शिऱ्याला रवा किती आणायचा म्हणून. मी काय सांगू?" माझं हसू तिथेच जिरलं. आधीच दावा धरून असलेली माणसं, आणि आता मी त्यांच्या हातात एक टोपणनावही दिलेलं.

काकांनी मात्र झाल्या प्रकाराचा राग त्या अज्ञात क्वार्टरबॅकवर काढायचं ठरवलं. "त्याचा रेट मी फिक्स करतो," त्यांनी जाहीर केलं. पुढच्या रविवारी मी लॅपटॉपवर एक मॅच घेऊन गेलो. काका स्टॉपवॉच घेऊन बसले. खेळ सुरू झाला आणि लगेच थांबला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. "हे काय? हे मधे काय करतात?" मी म्हटलं, पुढे काय करायचं ते ठरवतात. "आमच्या मॅनेजमेंटसारखे!" चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात आला की स्टॉपवॉच टिक, हातातून सुटला की टॉक. मधल्या चिमूटभर वेळासाठी तो माणूस किती कमावतो हे मी सांगितलं तेव्हा काकांना इतका अस्सल शॉक बसला, की मावशी पाणी घेऊन आली. "आणि त्यातसुद्धा निम्मा वेळ नुसता उभा! आयडल टाइम! याला मी कॉफीवाल्याच्या वर एक पैसा देणार नाही."

मग तो प्रसंग आला. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन उभा. लांब पळणारा त्याचा जोडीदार अजून मोकळा व्हायचा होता. मागून एक दांडगा राक्षस त्याच्यावर चाल करून येत होता. क्वार्टरबॅक हलला नाही. जोडीदार मोकळा झाला, याने चेंडू फेकला, आणि त्याच क्षणी त्या राक्षसाने अंगावर येऊन याला पार भुईसपाट केलं.

काका म्हणाले, "पुन्हा लाव." मी लावलं. "पुन्हा." असं बऱ्याचदा झालं. मावशी दारात येऊन उभी राहिली. घरात एवढी शांतता तिला सवयीची नव्हती.

"मागून येतोय हे त्याला माहीत होतं?"

"होतं, काका. अंदाज असतोच."

"मग हलला का नाही?"

"हलला असता तर फेक चुकली असती."

काकांनी स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं. "लेका, हे उभं राहणं मी आयडल धरलं," ते म्हणाले. "आमच्याकडे एकांबरम आहे. क्रेनवर कित्येक टनांचं पोलादी धूड लटकत येतं, जवळजवळ त्याच्याखालीच उभा राहून हा क्रेनवाल्याला हाताने इशारे करतो. जरा इकडे, जरा तिकडे, हळू, ठेव. मी फक्त हात हलतो तेवढाच वेळ धरला. बाकीचं उभं राहणं म्हणजे काम नाही असं लिहिलं. बरीच वर्षं झाली त्याला." त्यांचा तळहात छातीवर गेला नव्हता. मला शॉक बसला तो त्याचाच.

त्या क्वार्टरबॅकला मिळतात ते पैसे अतीच आहेत, हे मत त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. "त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहणारे ते जाडे लोक, त्यांचं नाव तरी कुणी घेतं का?" असंही वर विचारलं. पण दुसऱ्या दिवशी ते क्रेनच्या शेडमध्ये गेले, घड्याळ न घेता, आणि एकांबरमच्या शेजारी जाऊन उभे राहिले. डोक्याजवळून ते धूड सरकत गेलं तेव्हा आपण डोकं पार खांद्यांत घातलं होतं, हे त्यांनीच मला सांगितलं. एकांबरमने काही विचारलं नाही, फक्त आपलं हेल्मेट काढून त्यांच्या डोक्यावर घातलं. काका आठवडाभर रोज जाऊन उभे राहिले. मग त्यांनी 'उभं राहण्याच्या वेळाचा' दर मागणारी फाइल तयार करून वर पाठवली. क्रेनवर वर गेलेलं ओझं खाली येतंच, फाइलचं तसं नसतं. ते रिटायर होईपर्यंत ती आली नाही. शेडमधले लोकही त्यांना क्वार्टरबॅक सार म्हणायचं काही थांबले नाहीत.

शेवटच्या दिवशी मी रजा टाकून आवडीला गेलो. मावशीने मोठ्या पातेल्यात शिरा करून ठेवला होता आणि एवढा केला म्हणून स्वतःवरच चिडली होती. त्याच दिवशी कारखान्याच्या पेंटशॉपचे, म्हणजे रंगखात्यातले, एक गृहस्थही रिटायर होत होते. दुपारी त्यांची मिरवणूक ढोल, फटाके, नादस्वरम् अशा थाटात आमच्या दारावरून पुढच्या रांगेत गेली. मावशी ताट घेऊन उभी होती ती जागची हलली नाही. धूर विरला, रस्ता रिकामा झाला. मला तर त्या ढोलवाल्यांचाच राग आला. मी तिला म्हणणार होतो की आत चल, ऊन आहे.

तेवढ्यात कोपऱ्यावरून काका येताना दिसले. गळ्यात झेंडूचा हार. पुढे एकांबरम, मागे क्रेनच्या शेडमधले तिघे, अंगावर कामाचे कपडे तसेच. ना ढोल, ना फटाके. पाचही जण रस्त्याच्या मधोमध चालत होते आणि कॉलनीतले लोक दारात येऊन उभे राहिले होते. फाटकाशी आल्यावर एकांबरम बाजूला झाला, काकांना आधी आत जाऊ दिलं आणि मावशीला म्हणाला, "अम्मा, सारै पत्तिरमा कोंडांदुट्टोम." साहेबांना सुखरूप आणून पोचवलं. मावशीने काकांना ओवाळलं, आणि मग काही न सुचून त्या चौघांनाही ओवाळलं. ते लाजले. उभ्याउभ्या शिरा खाल्ला, उरलेला मावशीने डब्यांत भरून शेडसाठी दिला आणि ते लगबगीने परत गेले, कारण त्यांची पाळी चालू होती.

काका व्हरांड्यात बसले. "अरे, पीसवर्कची माणसं ती, जेवढं काम तेवढीच कमाई," ते मला म्हणाले, "काम सोडून आली. एवढ्या वेळात त्यांचं किती..." आणि थांबले. असा हिशेब अर्धा सोडलेला मी त्यांना कधी पाहिला नव्हता. आयुष्यभर त्यांना नाही नाही त्या गोष्टींचे धक्के बसले, पण खरा बसला तो त्या दिवशी, आणि त्याला त्यांच्याकडे शब्द नव्हता. माझेही डोळे भरून आले, ते मी शिऱ्याच्या बशीत तोंड घालून लपवले.

मावशी येऊन म्हणाली, "हार काढू का? मानेला टोचत असेल."

"राहू दे जरा," काका म्हणाले.