त्रेचाळीस जोड बूट

रोसविता मावशी रागावली की कॉफी विचारत नाही. आमच्या डोंगरातल्या या गावात, घरी आलेल्याला कॉफी न विचारणं म्हणजे त्याला दाराकडं बोट दाखवणं. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, तिच्या अंगणात खेळून मोठा झालो. माझ्यावर ही वेळ एकदाच आली आणि ती यायलाच हवी होती.

मावशी म्हणजे नात्याची नव्हे, शेजारची. रोसविता ऊलिग. एक्केचाळीस वर्षं तिनं गावातल्या कारखान्यात बोटाएवढी लाकडी माणसं रंगवली. खाणकामगार, देवदूत, रात्रीचा पहारेकरी. आधी कारखाना सरकारचा होता, मग देशाचे दोन भाग करणारी भिंत पडली आणि खासगी मालक आला. शिक्का बदलला, पण तळाला शिक्का कारखान्याचाच राहिला. रंगवणारीचं नाव कुठं लिहायची पद्धतच नाही. मावशी निवृत्त झाली तोवर तिची नजर अधू झालेली, लाकडावर भुवई काढायची म्हटलं की डोळ्यांतून पाणी यायचं.

मी गावातले रस्त्यावरचे दिवे सांभाळतो. उरलेल्या वेळात माझा एक उद्योग आहे, त्याला माझी बायको 'तुझं दुसरं लग्न' म्हणते. आम्ही नऊ जण, नऊ गावांतले, एक जुना संगणकावरचा खेळ नव्यानं बांधतोय. अकरा वर्षं झाली. युरोपातून जहाज घेऊन निघायचं, पल्याडच्या किनाऱ्यावर वसाहत करायची, ऊस-तंबाखू लावायचा, तिथल्या मूळच्या लोकांशी व्यापार करायचा नाहीतर भांडायचं, आणि शेवटी आपल्याच राजाला झुगारायचं. एक खेळी तुमची, एक समोरच्याची. घाई कसलीच नाही, म्हणून तर आमच्यासारख्यांना तो आवडतो.

पण जुना खेळ कुणाच्या तरी मालकीचा. म्हणून आमचा एकच कडक नियम: खेळायला तसाच, पण चित्रातला एक ठिपकासुद्धा जुन्यातला नको. एक जरी चोरीचा निघाला आणि मालकांनी वकील लावला, की अकरा वर्षं पाण्यात. आमच्यात चित्र काढणारा कुणीच नव्हता. शेतकऱ्याच्या जागी हिरवं बटण, सैनिकाच्या जागी लाल.

मावशीच्या स्वयंपाकघरातला दिवा दुरुस्त करायला गेलो तेव्हा माझा संगणक टेबलावर उघडा होता. ती डोकावली.

"ही बटणं शेती करतात?"

"माणसं आहेत ती मावशी. चित्रं नाहीत अजून."

"अरे देवा! अकरा वर्षं झाली आणि माणसांना अंगावर कपडे नाहीत?"

झालं. तिला एका माणसाच्या चित्राच्या चौकटी मोठ्या करून दाखवल्या. बत्तीस आडव्या, बत्तीस उभ्या, एकेक चौकट वाटाण्याएवढी. तिचे डोळे चमकले. "एवढं मोठं दिसतंय होय? मग तर मी झोपेत काढीन." आणि त्या हिवाळ्यात माझ्या जुन्या संगणकावर तिनं त्रेचाळीस माणसं काढली. शेतकरी, धर्मोपदेशक, सुतार, तोफवाला. मूळच्या रहिवाशांना तिनं बाकीच्यांच्याच उंचीचं काढलं. आमच्यातला एक जण म्हणाला की थोडे लहान करा, नकाशावर गर्दी होते. मावशीनं निरोप धाडला: "ते आधीपासून तिथं राहतात ना? मग त्यांनी का आखडून उभं राहायचं?" कुणी पुन्हा तो विषय काढला नाही.

नव्या आवृत्तीत श्रेयनामावली असते. तिच्यात 'चित्रं: रोसविता ऊलिग' अशी ओळ पडणार होती. मावशीनं ते बेकरीत सांगितलं, पोस्टात सांगितलं, आणि गुरुवारी कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणी केक खायला जमतात तिथं तर तीनदा सांगितलं. मी गंमत केली, "आता चर्चच्या घंटेवरून पण सांग." ती म्हणाली, "पाद्रीबाबांना विचारलंय."

आणि आवृत्ती निघायच्या आठवड्यात डेटलेफनं बॉम्ब टाकला.

डेटलेफ आमच्या नवांतलाच, ब्रेमेनचा. जुना खेळ त्याला तोंडपाठ, आणि नियम सांभाळायचं काम त्याच्याकडं. त्यानं मावशीचा शेतकरी जुन्या शेतकऱ्यावर ठेवून पाहिला. रुंद काठाची टोपी, उजव्या हातात गवत उचलायचा दातेरी काटा. जवळजवळ चौकटीला चौकट जुळली. "हे बघून काढलंय," त्यानं सगळ्यांना लिहिलं. "एक चित्र संशयाचं, तर त्या हातची सगळी काढून टाकायची. नियम आपणच केलाय. शनिवारी अकराला ठरवू."

म्हणजे त्रेचाळीस माणसं परत बटणं होणार. मावशीचं नाव जाणार, आणि का गेलं ते गावाला कळणार.

मला राग आला डेटलेफचा. पण खरं सांगतो, ती दोन चित्रं शेजारी ठेवून पाहिली आणि मलाही शंका आली. शनिवारी सकाळी नऊला मी तिच्या दारात.

"मावशी, एक विचारू? तो शेतकरी... कुठं बघून तर नाही ना काढलास?"

ती बटाटे किसत होती. हात थांबला.

"काय म्हणालास?"

"मी नाही म्हणत. ब्रेमेनचा तो—"

"ब्रेमेनच्याला मी ओळखत नाही. तुला ओळखते. तू विचारतोयस." तिनं हात पुसले. आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "एक्केचाळीस वर्षांत त्या कारखान्यातनं घरी रंगाचा एक थेंब आणला असेल तर तो नखात अडकलेला. फाल्क, तुझा तो जुना खेळ मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. पाहिला असता तर सांगितलं असतं."

मग खणातून रंगाच्या जुन्या डबीत ठेवलेली छोटी पेनड्राइव्हची कांडी काढली आणि माझ्या हातावर आपटली. "घे. सगळं आहे यात, चुकलेलं-माकलेलं पण. मला पुसायचं कसं ते येत नाही, म्हणून रोज नवीन ठेवत गेले. आता जा."

कॉफीचं नाव नाही.

घरी येऊन कांडी लावली. एकसष्ट चित्रं, एकेका दिवसाचं एक. पहिलं उघडलं आणि मी खुर्चीतच आडवा झालो. पडद्यावर बूट होते, नुसते बूट. त्रेचाळीस जोड, रांगेत, वर माणूस कुणी नाही! त्यांतल्या थोड्या जोड्या अनवाणी पावलांच्या. दुसऱ्या दिवसाच्या चित्रात बुटांवर विजारी आल्या, तिसऱ्यात पट्टे. मला काय माहीत, कारखान्यात शंभर माणसं एकदम घेतात आणि आधी सगळ्यांचा काळा रंग, मग सगळ्यांचा तपकिरी करतात. मावशीला एका वेळी एक माणूस काढायचा असतो हे ठाऊकच नव्हतं. अठराव्या दिवशी सगळ्यांना अंगरखे होते आणि डोकी नव्हती. धर्मोपदेशक बिनडोक्याचा, हातात पुस्तक. मी एकटाच खो-खो हसत होतो. बायको येऊन बघून गेली.

चोरी करणारा असं करत नाही. तो एक चित्र समोर घेतो आणि ते उतरवतो.

मग मी शेतकऱ्यावर बोट ठेवून पुढे सरकत गेलो. चाळिसाव्या दिवशी त्याचं डोकं उघडं, हातात लांब दांड्याचा विळा, आमच्या डोंगरात गवत कापायला असतो तसा. पन्नासाव्या दिवशीही तेच. त्रेपन्नाव्या दिवशी एकदम टोपी आली आणि विळ्याचा काटा झाला.

माझं हसू थांबलं. त्रेपन्नाव्या दिवशी मी तिच्याकडं गेलो होतो. पडदा बघून म्हणालो होतो, "मावशी, याला टोपी घाल, रुंद काठाची. आणि विळा नको, काटा दे. शेतकरी कसा, शेतकऱ्यासारखा दिसला पाहिजे." कुठून आला तो शेतकरी माझ्या डोक्यात? पंचवीस वर्षं जुना खेळ खेळून, आणखी कुठून! तिच्या हातानं चोरी मीच केली होती आणि वर तिलाच विचारायला गेलो होतो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

अकराला सगळे जण संगणकावरच्या बैठकीत आले. मी एकसष्ट चित्रं एकामागोमाग दाखवली आणि त्रेपन्नाव्यावर थांबून कबूल केलं. मग डेटलेफच्या बाजूनं विचित्र आवाज आला. तो हसत होता.

"पुन्हा दाखव ते बूट," तो म्हणाला. पुन्हा दाखवले. "फाल्क, तू गाढव आहेस."

"मान्य."

"टोपी काढ, विळा परत दे. बाकी बेचाळीसला हात लावायचा नाही. बाईंचं नाव राहील. आणि मी त्यांना माफीचं पत्र लिहितो, कागदावर, त्यांचा पत्ता दे."

मी जाकीट न घालताच पळालो. छातीवरचा धोंडा उतरला की पाय हलके होतात म्हणतात, ते खरं आहे. बोळातून शिरलो, तिच्या खिडकीवर थापा मारल्या.

"राहिली, मावशी! सगळी राहिली! चोर सापडला!"

तिनं दार उघडलं. "कोण?"

"मी."

सगळं ऐकून घेतलं तिनं. काट्याचं, टोपीचं, डेटलेफचं. "म्हणजे मला चोर ठरवायला आलास तेव्हा चोर दारात उभा होता," ती म्हणाली. मी मान खाली घातली. तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली, चांगली जोरात, आणि कॉफी ठेवली. मग पाठ करून उभी राहिली. खांदे हलताना दिसले. मी उठलो तर म्हणाली, "बस रे, बस. बरं वाटतंय म्हणून रडतेय."

कपात दूध ओतून ती समोर बसली.

"तुला सांगते, हसू नकोस. तू गेल्यावर मी इथंच बसून होते दोन तास. गुरुवारी बायकांना काय सांगायचं ते जुळवत होते. खेळच बंद पडला म्हणून सांगणार होते. पैसे नव्हते, माणसं भांडली, असं सगळं रचलं होतं. मोठ्यानं म्हणूनसुद्धा पाहिलं, आरशासमोर." तिनं डोळे पुसले. "आणि फाल्क, खोटं बोलायला जमत होतं रे मला. फार छान जमत होतं."