खांबेट्यांनी काढलेला आवाज

वासुदेव खांबेटे पुस्तक वाचताना रडत असत. ते लपवणं दूरच, उलट भेटेल त्याला सांगत सुटत. सगळी नोकरी जर्मनीत, गेर्लिंगेनला काढलेला हा पोट सुटलेला गृहस्थ ऑफिसात ब्रेकच्या चाचण्या घेई आणि एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, अमेरिकन कादंबरी उघडून नाक शिंकरत बसे. एकदा समोरच्या जर्मन आजीबाईंनी त्यांना कागदी रुमालांचं अख्खं पाकीट देऊन टाकलं होतं. गेल्या शतकातल्या अमेरिकन कादंबऱ्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यातही काळ्या माणसांच्या, छळ सोसून स्वतःची ओळख शोधणाऱ्यांच्या. माणसाने माणसाशी कसं वागावं हे आपल्याला या पुस्तकांनी शिकवलं, असं ते म्हणत आणि आम्ही महाराष्ट्र मंडळातले लोक माना डोलवत असू. त्यांच्याइतकं वाचणारं मंडळात दुसरं होतं तरी कोण!

पुस्तकं मिळत कायझर्सलाउटर्नच्या फ्लोमार्क्टमध्ये. तिथे अमेरिकन सैनिकांची मोठी वस्ती आहे. मायदेशी परतताना ती कुटुंबं जुन्या सामानाच्या त्या बाजारात पुस्तकांची खोकी विकून जात. हा बाजार खांबेट्यांना दाखवला सुखदेव गजभियेने. सुखदेव नागपूरचा, बौद्ध घरातला. तेव्हा तो तिथल्या विद्यापीठात डॉक्टरेट करत होता आणि खांबेटे आपल्या कंपनीच्या एका प्रकल्पासाठी तिथे जात. पुढे त्याला झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि दोघांची गट्टी जमली. एकाने वाचलेलं पुस्तक दुसऱ्याकडे जाई, मग त्यावर तास न् तास फोन. सुखदेव माझा धाकटा भाऊच आहे, असं खांबेटे चारचौघांत सांगत. जात आपण मुंबईच्या विमानतळावर टाकून आलो, हे त्यांचं आणखी एक आवडतं वाक्य. ते ढोंग नव्हतं, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

२००६ च्या दिवाळीत त्यांनी मंडळाच्या कार्यक्रमासाठी अभिवाचन बसवायला घेतलं. एका कादंबरीतलं प्रकरण त्यांनीच मराठीत आणलं होतं. दक्षिणेतलं लहानसं गाव, तिथलं एक हॉटेल. मालकिणीचे चांदीचे चमचे हरवतात आणि आळ येतो काळ्या आचाऱ्यावर. चमचे आपल्याच मुलाने विकलेत हे मालकाला ठाऊक आहे, पण तो तोंड उघडत नाही. मालक वाचणार मंडळातलाच गुरुदत्त, मालकीण मंडळातलीच मालिनी, निवेदन स्वतः खांबेटे आणि आचारी सुखदेव. मधलं संगीत माझ्याकडे होतं, म्हणून तालमींना मी हजर असे.

तालमी रविवारी खांबेट्यांच्या घरी. त्यांच्या पत्नी शोभनाताईंची साबुदाण्याची खिचडी हे आम्हा सगळ्यांचं खरं आकर्षण. पहिल्याच तालमीत मला जरा चमकायला झालं. मालक-मालकीण शुद्ध पुणेरी बोलत होते आणि आचाऱ्याच्या तोंडी 'म्या', 'न्हाई', 'मायबाप' अशी भाषा होती. सुखदेवने ती वाक्यं वाचली, पण वाचली आपल्या नेहमीच्या सरळ, ठाम आवाजात. खांबेट्यांनी त्याला थांबवलं.

"फार साफ बोलता हो तुम्ही, सुखदेव. आवाजात ते सोसणं यायला हवं. थोडं वाका. तुम्हाला तर सहज जमेल."

सुखदेवने पुन्हा वाचलं, पुन्हा तसंच. मग खांबेटे स्वतः उठले, खांदे पाडले, हात जोडले आणि घशातून असा काही केविलवाणा सूर काढला की गुरुदत्तने टाळीच वाजवली. "गेनाऊ! अगदी बरोबर, हे असं हवं," खांबेटे स्वतःवरच खूष होऊन म्हणाले.

हा आवाज कुणाचा, असं सुखदेवने विचारलं. खांबेट्यांनी मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांच्या गावी वस्तीवरून आत्माराम नावाचा माणूस लाकडं फोडायला यायचा. अंगणाच्या कडेला उभा राहायचा, आई वरून पाणी ओतायची आणि तो ओंजळीने प्यायचा. लहानग्या वासुदेवला ते बघवायचं नाही. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. आपण किती हळवे होतो याचा तो पुरावाच होता, निदान त्यांच्या लेखी.

"तुम्ही त्यांना हाक कशी मारायचात, सर?"

"आत्म्या. सगळेच मारायचे."

"वयाने केवढे होते?"

"असतील आमच्या वडिलांएवढे," खांबेटे म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

थोड्या वेळाने सुखदेवने सहज सुचवावं तसं सुचवलं की आचारी गुरुदत्तला द्या, मालक मी वाचतो. भाषा त्याची स्वच्छ, आवाज भारदस्त. खरं म्हणजे मालक त्यालाच शोभला असता.

"छे हो," खांबेटे चटकन म्हणाले, "तुम्ही मालक? लोकांना पटणार नाही."

मालिनी खिचडीतले दाणे चमच्याने बाजूला करत बसली. मी टेपची बटणं तपासली, खरं तर तपासायला काही नव्हतं. खांबेट्यांनाही कळलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले आणि ते एकदम जर्मनीतल्या थंडीबद्दल बोलू लागले. सुखदेवने कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले. कामाचा ताण आहे, यंदा जमणार नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं, शोभनाताईंच्या खिचडीचं कौतुक केलं आणि निघाला.

त्या आठवड्यात खांबेट्यांना धड झोप लागली नाही, असं शोभनाताई नंतर म्हणाल्या. दहादा फोन उचलायचे, ठेवायचे. "अहो, एकदा बोलून टाका ना," असं त्यांनी सांगून पाहिलं. पण क्षमा मागायची तर कशाची, हे शब्दांत मांडावं लागणार होतं आणि तेच त्यांना जड जात होतं. अखेर त्यांनी निवेदन मालिनीच्या नवऱ्याकडे दिलं आणि आचारी स्वतः घेतला.

झिंडेलफिंगेनच्या सभागृहात कार्यक्रमाच्या दिवशी सुखदेव आला. दुसऱ्या रांगेत बायकोबरोबर, क्रांतीबरोबर, बसला. आचाऱ्याचं पहिलं 'मायबाप' आलं आणि सभागृह हसलं. दुष्टपणाने नव्हे, नाटकातला गडी आला की हसायची आपल्याला सवय असते तसं. खांबेटे गडबडले. रडवायला काढलेल्या आवाजावर लोक खिदळत होते आणि दुसऱ्या रांगेतली दोन माणसं हसत नव्हती. मध्येच थांबून साध्या भाषेत वाचावं असं खांबेट्यांना वाटलं असेल, पण धीर झाला नाही. ते त्याच आवाजात शेवटपर्यंत वाचत गेले. मला खाली मान घालून बसावंसं वाटलं.

नंतर चकली-चिवड्याच्या टेबलापाशी लोकांनी त्यांना गराडा घातला. काय हुबेहूब आवाज काढलात, असं जो तो म्हणत होता. प्रत्येक कौतुकाबरोबर खांबेट्यांचा चेहरा आणखी उतरत होता. गर्दी पांगल्यावर सुखदेव कोट घालत त्यांच्यापाशी आला.

"आवाज बरोबर होता, सर. माझे आजोबा असेच बोलायचे, पण फक्त मालकांच्या अंगणात. घरी आले की त्यांचा आवाज आळीच्या टोकापर्यंत जायचा. तो तुमच्यापैकी कुणी ऐकला नसेल."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर खांबेट्यांना सोपं गेलं असतं. एवढी पुस्तकं वाचून, एवढं रडून आपण एका माणसालाही घरी कसा बोलतोस असं विचारलं नव्हतं, हे त्यांना तिथे, चिवड्याच्या टेबलापाशी कळलं. डोळ्यांत पाणी आलं, पण आज त्याची लाज वाटून त्यांनी तोंड फिरवलं. माफ करा म्हणायचं होतं. तोंड उघडलं, सुखदेवच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुढच्या वर्षी मालकाचं काम तुम्हालाच देऊ," ते म्हणाले.

म्हणताक्षणी त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. हात खांद्यावर तसाच राहिला, ठेवावा की काढावा ते त्यांना कळेना. सुखदेवने तो हळूच बाजूला केला आणि क्रांतीला गाडीची किल्ली मागितली.